बरकाच्या पाठीमागचा डोंगर

ओमानच्या बातिना किनाऱ्यावरील बरका हे गाव मस्कतच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. जुना किल्ला, मासळीबाजार, खजुराच्या बागा आणि सपाट रेताड किनारा असे त्याचे रूप. ज्यांची मुळे अलिबाग-रेवदंड्याकडची, त्यांना तेथे उतरल्यावर नारळाच्या जागी खजूर एवढाच काय तो फरक प्रथम वाटावा. परंतु समुद्राकडे पाठ करून उभे राहिले की दक्षिणेस क्षितिजावर एक उघडीबोडकी भिंत दिसते. ती पश्चिम हजर पर्वताची.

आमचा भाचा नोकरीनिमित्त बरका येथे सहकुटुंब राहतो. गेल्या फेब्रुवारीत त्याच्याकडे पंधरा दिवस मुक्काम होता. रोज सकाळी ती भिंत पाहून आम्ही एकदा वर जाण्याचा हट्ट धरला. मसादाची सर्पवाट पहाटे चढलेल्या आपल्या वाचकांना पुढील हकीकत परकी वाटणार नाही.

शुक्रवार हा तेथील सुट्टीचा दिवस, म्हणून जाणे त्याच दिवशी शक्य. आणि शुक्रवार असल्यामुळेच शब्बाथपूर्वी घरी पोहोचणेही आवश्यक. तेव्हा आदल्या रात्री आम्ही कागदावर उलटे गणित मांडले. दिवेलागणीपासून मागे मोजत येता असे ठरले की, माथा गाठलेला असो वा नसो, ११ वाजता मागे फिरायचे. पाणी माणशी तीन लिटर. मंडळी चार: भाचा, भाचेसून, त्यांची बारा वर्षांची कन्या आणि आम्ही.

बरकाहून दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर नखल लागते. नखल म्हणजे खजुरीचे झाड. तेथील किल्ला खडकाच्या आकारानेच बांधलेला आहे. खडक वळेल तशी तटबंदी वळते. राजगड-रायगड पाहिलेल्या माणसास ही रीत ओळखीची वाटते. नखलच्या परिसरातील काळपट तपकिरी टेकड्या मात्र आपल्या सह्याद्रीसारख्या नाहीत. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. या टेकड्या म्हणजे त्याहून जुना, भूकवचाच्या हालचालींनी जमिनीवर चढलेला सागरतळ आहे. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ तो पाहण्यासाठी ओमानला येतात.

पुढे वादी मिस्ताल या दरीच्या अरुंद मुखातून गाडी आत शिरली आणि एकाएकी चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेले विस्तीर्ण पात्र समोर आले. यास गुब्रा म्हणतात. येथील एका खडकात ७० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे अडकलेले आहेत. वाळवंटी देशात बर्फाची खूण! आमच्या नातीने हे ऐकून गाडीची काच खाली केली आणि हात बाहेर काढून हवा गरमच असल्याची खात्री करून घेतली.

शेवटचा घाट चारही चाकांना जोर असलेल्या गाडीनेच चढावा. वर वाकान हे छोटे गाव कड्याला बिलगून बसले आहे. गावातून सुमारे ७०० दगडी पायऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून वर जातात. कनकेश्वर चढलेल्यांनी तीच चढण डोळ्यांसमोर आणावी. फक्त दोन्ही बाजूंस जर्दाळू, डाळिंब आणि द्राक्षवेली आहेत. जर्दाळूंना नुकताच पांढरा-गुलाबी फुलोरा आला होता. बाजूने फलजचे पाणी वाहते. फलज म्हणजे उताराच्या बळावर पाणी आणणारा पाट. त्यातील पाणी शेतकरी पाळीपाळीने, वेळ मोजून वाटून घेतात. अशा पाच फलजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात स्थान दिले.

पायऱ्या संपल्या की बाग संपते आणि खरा डोंगर सुरू होतो. खडकांवर पिवळा, पांढरा व लाल असे पट्टे रंगवून वाट दाखविली आहे. सुटे दगड, धारदार कडा, सावली नाही. दर वळणावर गुब्राचे पात्र अधिक खोल जाते, वाकानची घरे काड्यापेटीएवढी होतात, समोर जबल नखलचा प्रचंड कडा उघडतो आणि ज्या मुखातून आपण आलो ती फट दिसते. फटीपलीकडे बातिनाचे मैदान धुक्यासारख्या धुळीत विरले होते. समुद्र त्यामागेच होता, पण दिसला नाही.

साडेदहाच्या सुमारास माथ्याची धार डोक्यावर स्पष्ट दिसू लागली. आमच्या मते अर्ध्या-पाऊण तासाचे काम. भाचा म्हणाला, "मामा, आता थांबायचं नाही." आमचीही तीच इच्छा होती. भाचेसून मागे राहिली होती. विचारले, तर म्हणाली, "मी ठीक आहे, तुम्ही चला."

बत्तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर एक गोष्ट कळते. "समजले का?" या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला समजलेले नसते. आम्ही तिच्या पिशवीकडे पाहिले. आमच्या दोन बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. तिच्या तिन्ही जवळजवळ भरलेल्या. ओठ कोरडे, पोटरीत गोळे, आणि चेहऱ्यावर घाम नाही.

तिने पाणी का घेतले नाही, हे विचारण्याची गरज पडली नाही. शाळेत दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. आडोसा नाही, सांगण्याचा संकोच, आणि पुरुषमाणसे सोबत. आदल्या रात्री आमच्या गणितात लिटर होते, तास होते. ही बाब नव्हती. गणित मांडणारे दोघेही पुरुष होतो.

आम्ही तेथेच सावलीचा एक खडक पाहून तिला बसविले, घोट-घोट पाणी व खारे शेंगदाणे दिले. मग भाच्याला घेऊन आम्ही वळणापलीकडे जाऊन उभे राहिलो आणि मोठ्याने नखलच्या कड्याविषयी बोलत राहिलो. अर्ध्या तासाने तिला बरे वाटले. अकरा वाजले होते. माथा तसाच वर राहिला आणि आम्ही उतरलो. भाचा थोडा वेळ गप्प होता. फलजपाशी आल्यावर त्यानेच पत्नीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

आपली मंडळी सहकुटुंब डोंगरांत जातात, म्हणून अनुभवाचे चार शब्द. ओमानात नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम समजावा. आकाशात ढग असता वादीत पाऊल टाकू नये. एप्रिल २०२४ च्या पुरात समद अश-शान येथे शाळकरी मुलांचेही बळी गेले. घोट्यास आधार देणारे जोडे घालावे आणि गावातून जाताना अंगभर कपडे असावे. परतीची वेळ आधी ठरवावी आणि मोडू नये. आणि दर तासाला असा थांबा घ्यावा की ज्यात पुरुष पुढच्या वळणापर्यंत निघून जातील. हे निघण्यापूर्वीच, सहजपणे, सर्वांसमक्ष सांगून टाकावे. मग कोणास विचारावे लागत नाही आणि कोणास तहानलेले राहावे लागत नाही.

चारच्या सुमारास आम्ही बरका येथे पोहोचलो. संध्याकाळी भाचेसुनेने दिवे लावले. जेवताना ती म्हणाली, "मामा, माथा माझ्यामुळे राहिला." आम्ही उत्तर दिले नाही; पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकविला. नातीने मात्र पुढच्या फेब्रुवारीतील शुक्रवार मोजावयास घेतले.