कंपाउंडर नव्हे, फार्मासिस्ट!

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची रीघ लागते. आम्ही पेशाने कारकून. अर्ज, दाखले आणि शिक्के यांतच अर्धे आयुष्य गेले, म्हणून समाजातील मंडळी मुलांचे फॉर्म घेऊन हक्काने येतात. विज्ञान शाखेच्या पोराला पुढे काय करायचे ते विचारले तर उत्तर ठरलेले असते: डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर. डॉक्टरीला नंबर लागला नाही की घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही. अशा वेळी आम्ही फार्मसीचे नाव काढले की बाप लगेच विचारतो, "म्हणजे कंपाउंडरच ना, भाऊ?"

त्या बापाचे चुकत नाही. त्याने लहानपणी जे पाहिले तेच तो बोलतो. पूर्वी दवाखान्यात डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि पडद्यामागे कंपाउंडर खलबत्त्यात पूड करी, लाल-गुलाबी मिश्रण बाटलीत भरी. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. हे काम शिकायला शाळा नव्हती, हाताखाली राहूनच ते येई. देशात भेसळीची औषधे फार झाली तेव्हा इंग्रज सरकारने 1930 साली कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. 1932 साली महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचे शिक्षण सुरू केले. स्वातंत्र्यानंतर 1948 चा फार्मसी कायदा आला. पहिल्या नोंदवहीत अनुभवी कंपाउंडरांनाही जागा मिळाली, पण पुढे शिक्षण आणि नोंदणी दोन्ही सक्तीची झाली.

नंतर गोळ्या, कॅप्सूल, सिरप सगळे कारखान्यात तयार होऊ लागले. खलबत्ता गेला आणि औषधवाल्याचे काम पाकिटे मोजण्यापुरते उरले की काय, असे वाटू लागले. गल्ल्यावर कोणीही बसावे आणि भिंतीवर दुसऱ्याच कोणाचे तरी सर्टिफिकेट टांगावे, ही रीत त्याच काळात बोकाळली.

या रीतीबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. आमच्या वस्तीतील एका मुलीने दोन वर्षांची पदविका पूर्ण केली. आई धुणीभांडी करते, वडील बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली. मुलीची नोंदणी झाली आणि आठवड्याच्या आत एक दुकानदार घरी आला. "ताई, तुम्ही यायचं कामच नाही. फक्त सर्टिफिकेट द्या, दर महिन्याला पैसे घरपोच." आईला वाटले, घरबसल्या लक्ष्मी आली. मुलगी मात्र अडून बसली. तिचे म्हणणे असे, की त्या दुकानातून चुकीची गोळी गेली आणि कोणी दगावले तर नाव माझे लागेल. घरात चार दिवस वाद झाला. आम्हालाही बोलावणे आले. आम्ही कायदा काढून दाखवला: 1948 च्या कायद्याच्या कलम 42 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी देऊ शकत नाही. सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्याची नोंदणीच जाऊ शकते. मुलगी आज एका रुग्णालयाच्या औषध विभागात रोज आठ तास उभी असते. पगार त्या भाड्यापेक्षा फार जास्त नाही, हेही खरे. तरी आमच्या मते तिचेच बरोबर होते.

कारण गल्ल्यामागच्या माणसाचे काम आता पुन्हा वाढले आहे. 2013 साली सरकारने 'एच-1' नावाची यादी काढली आणि मार्च 2014 पासून ती लागू झाली. तिच्यात कडक अँटिबायोटिक, क्षयरोगाची आणि काही गुंगीची अशी 46 औषधे घातली. ती विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. 2015 च्या नियमांनी तर सांगितले, की औषध कसे घ्यायचे, कसे ठेवायचे, काय त्रास होऊ शकतो, हे रोग्याला समजावणे हेसुद्धा फार्मासिस्टचेच काम. 2018 पासून क्षयरोगाची औषधे विकणाऱ्या दुकानदाराने त्या रोग्याची माहिती सरकारला कळवायची आहे. आपल्यात अजूनही दोन गोळ्यांनी ताप उतरला की उरलेल्या डब्यात ठेवतात आणि पुढच्या वेळी शेजारणीला देतात. हे थांबवणारा शेवटचा माणूस फार्मासिस्टच, कारण डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार घरोघरी माहीत आहे. त्यावर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देतात. ते नेमाने घ्यावे लागते, ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते, बरे वाटले म्हणून मनाने बंद करता येत नाही, आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे लागते. या चार गोष्टी रोग्याच्या आईला तिच्या बोलीत कोण सांगणार? वस्तीतून शिकून गेलेली मुलगी खिडकीमागे असली तर ती सांगते, "मावशी, हे रोज घ्या लागते, दुखो की न दुखो."

पैशाचा प्रश्नही इथेच येतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय 1945 चे आणि तिथले वैद्यकीय महाविद्यालय 1969 चे. या रुग्णालयाने डॉ. एस. पी. कलंत्री वैद्यकीय अधीक्षक असताना जेनेरिक औषधे मोठ्या प्रमाणात थेट घेऊन रोग्यांना स्वस्तात देण्याचा उपक्रम चालवला. औषध तेच, कंपनीचे नाव तेवढे वेगळे. 2008 पासून सरकारची जनऔषधी दुकानेही निघाली. ते दुकान काढायला फार्मासिस्ट लागतोच आणि महिला व अनुसूचित जातीच्या अर्जदारांसाठी फर्निचर, संगणक यांकरिता एकरकमी मदतीची तरतूद योजनेत ठेवली आहे.

आता शिक्षणाचे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित हवे. डी. फार्म. दोन वर्षांचे, प्रवेश बारावीच्या गुणांवर. त्यानंतर 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. बी. फार्म. चार वर्षांचे; त्याला सीईटी द्यावी लागते. पदविकेनंतर बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येते, हे फार जणांना माहीत नसते. पदवी झाली की औषध निरीक्षक, कारखाने, संशोधन या वाटा उघडतात. वर्ध्याजवळ बोरगाव (मेघे) येथे पदवीचे महाविद्यालय आहे, म्हणजे मुलीला दूर धाडायचे नाही या सबबीला अर्थ नाही.

मात्र कॉलेज डोळे उघडे ठेवून निवडा. फार्मसी कौन्सिलने नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. तसा ठराव करण्याचा कौन्सिलला अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये ठरवले. त्यानंतर महाराष्ट्रात नवी कॉलेजे भराभर निघाली. मान्यता आहे का, प्रयोगशाळेत सामान आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. आणि प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर शिष्यवृत्ती जाते आणि दलाल तेवढे सांगत नाही.

शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. वर उत्पन्न असेल तर फ्रीशिपचा अर्ज करावा. सगळ्यात जास्त मुले अडतात ती जात पडताळणीवर. पुरावा 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा मागतात. धर्मांतर 1956 चे, म्हणून आजोबांच्या कागदावर जुनी जात असते, बापाच्या दाखल्यावर 'बौद्ध', आणि दोन्ही कागद जोडणारा दुवा सापडत नाही. आजोबांच्या शाळेचा दाखलखारीज उतारा नाहीतर तहसीलमधून गाव नमुना 14 ची नक्कल काढावी लागते आणि तिला महिने लागतात. ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी आजोबा कोणत्या गावच्या शाळेत गेले होते, ते घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून ठेवावे.