घड्याळाचा आकडा, आपली काळजी

विरार लोकलच्या महिला डब्यात हल्ली बांगड्यांशेजारी स्मार्टवॉच दिसतं. तक्रारही ऐकू येते, ‘अगं, हे ठोकेच नीट दाखवत नाही!’

मैत्रिणींनो, घड्याळामागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असेल किंवा मागच्या बाजूला घाम, पीठ साचलं असेल, तर आकडा चुकतो. म्हणून तो भाग मऊ कापडाने पुसा. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, बेताचं घट्ट बांधा. बांगड्या त्याला ढकलत असतील तर हात बदला. मोजताना हात हलवू नका. पावलं मोजली जातात ती हाताच्या हालचालीवरून. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की ती कमी भरतात, आणि चपात्या लाटताना ओट्यापाशीच वाढू शकतात!

हे हसण्यावारी नेता येईल, साखरेचं मात्र नाही. सुई न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या कोणत्याही स्मार्टवॉचला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा आकड्यावर इन्सुलिन जास्त घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. साखर ग्लुकोमीटरवर किंवा लॅबमध्येच तपासा. आणि छातीत दुखलं, दम लागला, तर घड्याळ काहीही म्हणो, आधी दवाखाना गाठा.