शाळेची वाट आणि सायकल

बुलढाणा हें जिल्ह्याचें मुख्य ठाणें अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर; आगगाडी मात्र खालच्या पूर्णेच्या खोऱ्यांतून गेली. जलंबहून खामगांवास फांटा निघाला तो १८७० सालीं, आणि तोहि कापसाच्या बाजारपेठेसाठीं. कापसाच्या गांठींची सोय अशी दीडशें वर्षांपूर्वींच झाली. खेड्यांतील मुलीची सोय व्हावयास फार काळ लोटावा लागला.

गांवची शाळा पुष्कळदां सातवीपाशीं संपते. पुढची दीड-दोन कोसांवर. मुलगा पायीं जातो, नाहीं तर कोणाच्या तरी फटफटीवर मागें बसतो. मुलीविषयीं मात्र घरांत विचार सुरू होतो. तिला शिकवावयाचें नसतें असें नव्हे. परंतु वाट निर्जन, परतण्याची वेळ तिन्हीसांजेची आणि एस. टी.चा नेम नाहीं. या विचारांतच शाळा सुरू होऊन जाते.

भाड्याचा प्रश्न बराच सुटला आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नांवाच्या योजनेखालीं ग्रामीण विद्यार्थिनींना बारावीपर्यंत एस. टी.चा पास विनामूल्य मिळतो, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धें तिकीट पडतें. पण ही सवलत गाडी आली तरच उपयोगाची! म्हणून मानव विकास कार्यक्रमानें केलेली विभागणी अधिक विचारपूर्वक म्हणावी लागेल. त्यांतील तालुक्यांत (बुलढाणा जिल्ह्यांतीलहि कांहीं तालुके त्यांत आहेत) शाळेपासून पांच किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल, आणि त्यापलीकडच्यांना शाळेच्या वेळेवर धांवणारी स्वतंत्र बस.

सायकल असली म्हणजे तास लांबला तरी घरीं परतणें मुलीच्या हातीं राहतें, आणि चार-पांच जणी मिळून निघाल्या कीं वाटेचें भयहि ओसरतें. बिहार सरकारनें २००६ सालीं नववीच्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें पाहिलें, तों माध्यमिक शाळेंत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं वाढलें होतें. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गांवीं हा परिणाम विशेष दिसला.

सायकलीची रक्कम २०२२ सालीं ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. पण टायर, ट्यूब, चेन यांचा पुढचा खर्च घरावरच पडतो. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल मडगार्डांत बसून चाक फिरेनासें होतें, तें वेगळेंच. (आणि भावाला बाजारास जावयाचें असलें कीं सायकल कोणाची, हाहि प्रश्न आहेच!) घाटमाथ्याची गोष्ट तर निराळी. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटासारख्या चढावर शाळकरी मुलीनें रोज सायकल चढवावी, ही अपेक्षा व्यर्थ होय. पांच किलोमीटर मैदानांतले निराळे आणि डोंगरांतले निराळे. तेथें अंतर थोडें असलें तरी बसच हवी, आणि ती शाळा सुटण्याच्या वेळींच हवी.