संगणकावरच्या जवळच्या वाटा



सात-बारा, पीक विमा, महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, बँकेचे खाते, मुलांचे दाखले. शेतकऱ्याचे निम्मेअधिक कागद आता संगणकाच्या पडद्यावर आले आहेत. कुणाच्या घरी मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप आहे, तर कुणाला सेवा केंद्राच्या बाकावर नंबर लावून बसावे लागते. दोन्हीकडे एकच चित्र दिसते. माणूस माऊस धरून पडद्यावर बाण शोधत बसतो, आणि जे काम दोन बोटांनी चुटकीसरशी व्हावे त्याला पाच मिनिटे घालवतो. पाच मिनिटे गेली तर गेली, पण भरलेला अर्ज पुसून जातो तेव्हा जीव जळतो. अंतिम तारीख असेल तर मग विचारूच नका.

कीबोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोल नावाची कळ असते. ती एकटी काही करीत नाही. जोडीला दुसरी कळ जुंपली की औत चालू होते. आधी कंट्रोल दाबून धरायची, धरलेलीच ठेवायची, आणि मग दुसरी कळ एकदा दाबून सोडायची. दोन्ही एकदम बडवायच्या नाहीत.

कंट्रोल आणि सी म्हणजे नक्कल, कंट्रोल आणि एक्स म्हणजे उचलणे, कंट्रोल आणि व्ही म्हणजे दुसरीकडे ठेवणे. ही उचल-ठेव अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी बसवली. छायाप्रतीला आपण ज्या नावाने हाक मारतो, तीच ही कंपनी. पुढे ॲपल कंपनीच्या लिसा (१९८३) आणि मॅकिन्टॉश (१९८४) या यंत्रांमुळे झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरे रूढ झाली. ही चारही अक्षरे कीबोर्डावर खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत, म्हणून डाव्या हाताला सोपी पडतात. टेस्लर २०२० साली वारले.

बँकेचा खाते क्रमांक पाहून पाहून टाईप करू नये. एक आकडा इकडचा तिकडे झाला की अनुदान अडकलेच म्हणून समजा. नक्कल करून ठेवावा, आणि ठेवल्यावर पासबुकाशी एकदा ताडून पाहावा.

आता झेड. कंट्रोल आणि झेड म्हणजे मागचे पाऊल परत. लिहिलेला परिच्छेद चुकून पुसला गेला तर आरडाओरडा न करता आधी हे दाबावे. मात्र पानच उडाले तर झेड काही करू शकत नाही. ब्राउझरमधला टॅब चुकून बंद झाला असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबल्यावर तो परत उघडतो, पण त्यात भरलेला मजकूर परत येईलच असा भरवसा धरू नये.

मजकुरावरून आठवले. क्रोम ब्राउझरमध्ये पूर्वी नुसती बॅकस्पेस दाबली तरी मागचे पान उघडायचे. माणूस अक्षर पुसायला जायचा आणि अख्खा अर्ज पुसला जायचा. लोकांचे असे नुकसान होते म्हणून २०१६ साली ती सोय काढून टाकण्यात आली. आता मागे जायला आल्ट आणि डावा बाण दाबावा लागतो. पण एफ-पाच ही कळ अजून आहे. ती पान नव्याने मागवते, आणि अर्धवट भरलेला अर्ज त्यात जाऊ शकतो. पैसे भरण्याचे पान गोल गोल फिरत असताना तर तिला हातच लावू नये.

आणखी एक गैरसमज आढळतो. कंट्रोल आणि एस म्हणजे ‘जतन’, हे वर्डच्या कागदापुरते खरे आहे. संकेतस्थळावरचा अर्ज त्याने जमा होत नाही. त्या पानाची एक प्रत तेवढी आपल्या यंत्रात उतरते. ‘एस दाबलं, झालं काम’ म्हणून घरी जाऊ नका. पानावरचे सबमिटचे बटण दाबून पोचक्रमांक येईपर्यंत खुर्ची सोडू नये. लांबलचक मजकूर असेल तर तो आधी वर्ड किंवा नोटपॅडमध्ये लिहून जतन करावा, आणि मग तेथून उचलून अर्जात ठेवावा.

यादीत नाव शोधायचे असेल तर कंट्रोल आणि एफ. शेकडो नावांची यादी वरून खाली चाळीत बसायची गरज नाही. आडनाव लिहिले की संगणक त्या ओळीवर नेऊन उभा करतो. सापडले नाही म्हणजे नाव नाहीच, असे मात्र समजू नका. यादी कागदाचा फोटो काढून चढवलेली असेल, किंवा जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल, तर डोळ्याला अक्षर दिसते पण संगणकाला ते कळत नाही. तेव्हा डोळ्यांनीच वाचावे.

वडीलधाऱ्यांसाठी कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह. दर दाबण्याला अक्षर मोठे होत जाते, आणि कंट्रोल आणि शून्य दाबले की होते तसे होते. कंट्रोल आणि पी म्हणजे छपाई. पण आधी पाने किती आहेत ते पाहावे आणि हवे तेवढेच पान मागावे. एका पानासाठी बारा पानांचे पैसे कशाला मोजायचे?

खरी सावधगिरी लागते ती सेवा केंद्रावर. तिथले यंत्र सार्वजनिक पाणवठ्यासारखे, आपल्यामागून दहा जण येणार. बँकेचे किंवा आधारचे काम असेल तर क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खासगी खिडकी उघडायला सांगावे. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी. अशा खिडक्या सगळ्या बंद केल्या की भेट दिलेल्या पानांची नोंद त्या ब्राउझरमध्ये राहत नाही. उतरवून घेतलेली आधारची प्रत मात्र यंत्रात तशीच राहते. कंट्रोल आणि जे दाबले की उतरवलेल्या फायलींची यादी दिसते. यादीतून नाव काढले तरी फाईल मागे राहू शकते. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे जाऊन शिफ्ट आणि डिलीट दाबावे. नुसते डिलीट दाबले तर ती कचरापेटीत जाते, आणि कचरापेटीतून कुणीही उचलू शकतो.

काही यंत्रांवर विंडोजची कळ आणि व्ही दाबले की आतापर्यंत नक्कल केलेल्या मजकुराची यादीच समोर येते. आपला खाते क्रमांक तिथे दिसत असेल तर ‘सगळे पुसा’ म्हणावे. केंद्रचालक आपलाच गाववाला असतो, त्याला राग येईल म्हणून गप्प बसू नये. ‘दादा, माझी फाईल पुसून टाका’ एवढे म्हणायला काय हरकत आहे? चांगला चालक स्वतःच पुसतो.

घरच्या लॅपटॉपवर काम करताना मध्येच गोठ्याकडे किंवा मोटार सुरू करायला उठावे लागले तर विंडोजची कळ आणि एल दाबून जावे. पडदा बंद होतो, काम आहे तसेच राहते. पासवर्ड ठेवलेला असेल तरच हे कुलूप कामाचे.