संथ आज्ञावलीची तपासणी आणि तपासणीचा भार

हैदराबादच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी या संस्थेच्या पुढाकाराने 'संपर्क' ही भारतीय भाषांमधील यांत्रिक अनुवादाची प्रणाली उभी राहिली. हिंदी-उर्दू व हिंदी-मराठी या भाषाजोड्यांचा तीत समावेश करण्यात आला. अशा प्रणालीत वाक्य टप्प्याटप्प्याने पुढे सरकते: शब्द सुटे होतात, रूपे ओळखली जातात, पदसमूह बांधले जातात, शब्द बदलतात आणि शेवटी नवे वाक्य तयार होते. अनुवादास उशीर लागला तर दोष कोणत्या टप्प्याचा, हे अंदाजाने सांगता येत नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान आज्ञावलींचा अभ्यास करून दाखविले की, साधारणपणे ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो. हा भाग शोधणाऱ्या साधनास प्रोफायलर म्हणतात.

अडचण अशी की, मोजणीलाही वेळ लागतो. समजा, एक छोटे फंक्शन १० लाख वेळा चालते व त्याचे खरे काम ०.२ सेकंदाचे आहे. प्रत्येक वेळी नोंद करण्यास १ मायक्रोसेकंद लागला तर १ सेकंदाची भर पडते आणि ते १.२ सेकंदांचे दिसते. दुसरे फंक्शन १० वेळाच चालते, पण ०.८ सेकंद घेते. त्यावर नोंदीचा भार नगण्य. अहवालात मात्र पहिलेच दोषी ठरते. विद्यार्थी मग निर्दोष भाग सुधारण्यात दिवस घालवितो.

यावर पहिला उपाय नमुना-पद्धतीचा. प्रत्येक नोंद न करता ठरावीक अंतराने आज्ञावली कोठे आहे एवढेच पाहावे. एका नमुन्यास १०० मायक्रोसेकंद लागत असतील, तर सेकंदाला १०० नमुन्यांचा भार केवळ १ टक्का होतो. मिनिटाभरात ६,००० नमुने मिळतात व मोठा दोष लपत नाही. मात्र या पद्धतीने एखादे फंक्शन किती वेळा चालले ते कळत नाही. म्हणून १९८२ मध्ये बर्कले येथून आलेल्या 'जीप्रोफ'ने वेळेसाठी नमुने आणि वारंवारतेसाठी गणना, असा मेळ घातला.

दुसरा उपाय म्हणजे नमुन्यांनी दाखविलेल्या संशयित भागातच सविस्तर नोंदी ठेवणे. तिसरा, नोंदी स्मृतीत साठवून शेवटी एकदाच फाईलमध्ये लिहिणे. प्रत्येक वेळी डिस्कवर लिहिणे महागात पडते.

प्रयोगशाळेत शिक्षकांनी एक शिस्त अवश्य लावावी. तेच काम प्रोफायलरविना व प्रोफायलरसह अनेकदा चालवून एकूण वेळ ताडून पाहावा. फरक मोठा असेल तर अहवालावर विसंबू नये. सुधारणेनंतरचा अंतिम निवाडाही प्रोफायलरविना घड्याळावरच करावा. मापन करण्यापूर्वी मापाची परीक्षा घेणे, हा संस्कार विद्यार्थ्याला संगणकाबाहेरही उपयोगी पडेल.