डांग आणि डुट

ह्यांच्या नोकरीनिमित्त आम्ही दोन वर्षे जकार्तात होतो. घरमालकीणबाई मोठ्या मायाळू. सारे त्यांना ‘इबू’, म्हणजे आई, म्हणत. त्यांच्याकडे कामाला जावाच्या खेड्यातली एक मुलगी होती. दुपारी भांडी घासताना ती मोबाइलवर हळूच गाणी लावी. इबूंची चाहूल लागली, की चटकन बंद!

एकदा मी कान देऊन ऐकले आणि चकितच झाले. ठेका आपल्या तबल्याच्या वळणाचा, चालीत जुन्या हिंदी बोलपटांची लकब! विचारले, तर मुलगी लाजत म्हणाली, “डांगडुट.”

“अग, ते गल्लीबोळांतले गाणे!” इबूंनी नाक मुरडले.

मला मात्र छंदच लागला. मलायी गाण्याच्या वाद्यवृंदांत १९५० नंतर हिंदी चित्रपटसंगीत मिसळत गेले. तबल्यासारख्या जोडवाद्यातून ‘डांग’, ‘डुट’ असे बोल निघत; त्यावरून १९७०च्या सुमारास शिष्ट मंडळींनी कुचेष्टेने हे नाव ठेवले. रोमा इरामा या गायकाने तेच नाव भूषण म्हणून मिरवले, इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि गाण्यांतून धर्मनीतीचा उपदेश करीत गरिबांची मने जिंकली. पण गंमत पाहा! २००३ साली इनुल दारातिस्ता ही पूर्व जावातली गायिका कंबर घुसळून नाचू लागली, तेव्हा तिच्यावर तुटून पडणाऱ्यांत हेच रोमा पुढे होते. काल हिणवलेला आज दुसऱ्याला हिणवतो, तो असा! आपल्या लताबाईंनी इंडोनेशियन भाषेत गायिलेली गाणीही मला याच नादात सापडली.

१७ ऑगस्ट २०२२. इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. आम्ही सारी टीव्हीसमोर बसलो होतो. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादापुढे बारा वर्षांचा एक मुलगा जावानीज भाषेत याच ठेक्यावर गाऊ लागला आणि बघता बघता मंत्रीसुद्धा नाचू लागले! मी हळूच बाजूला पाहिले. इबूंचा पाय ठेका धरीत होता आणि दाराआड ती मुलगी तोंडावर हात धरून हसत होती.

मनातल्या मनात मीही इबूंना हसले. पुण्याला परतल्यावर मात्र ते हसू जिरले. स्वयंपाकघरात पाऊल टाकले, तो आमच्या कामाच्या बाईंनी मोबाइलवरची लावणी घाईघाईने बंद केली. मी कधी रागावले होते, ते मला आठवेना. त्यांना मात्र आठवत असावे.

“राहू द्या हो, मावशी,” मी म्हटले, “लावा पुन्हा. अन् जरा मोठ्याने!”