चंदीचा हिशेब

बुलढाणा जिल्हा हा बैलांचा मुलूख आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पाडले असले, आणि खामगाव-मलकापूरकडील पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन व मेहकर-सिंदखेडराजाकडील उंचवट्याची हलकी जमीन यांत पुष्कळ अंतर असले, तरी धावत्या जनावराचे कौतुक म्हटले की दोन्हीकडच्या शेतकऱ्याला प्रथम आठवतो तो शंकरपट. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू झालेली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने वैध ठरविलेली ही बैलांची शर्यत इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. पटाच्या जोडीला काय चारावे, याविषयी गावोगाव मते ऐकायला मिळतात. सरकी, ढेप, हरभऱ्याची चुनी, उडीद, तूप यांची नावे त्यांत निघतात, आणि ज्याची जोडी पुढे येते त्याचे मत त्या वर्षापुरते शास्त्र ठरते.

हे सारे ज्ञान घोड्याच्या दावणीपाशी मात्र निरुपयोगी ठरते, नव्हे, कित्येकदा घातक ठरते. बैल हा रवंथ करणारा प्राणी. त्याच्या चार कप्प्यांच्या पोटात अन्न प्रथम आंबते व मग पचते, त्यामुळे बेताबाहेर गेलेला घासही तो बराच वेळ घोळवून, पुन्हा चावून निभावून नेतो. घोड्याची व्यवस्था नेमकी उलट आहे. पाचशे किलो वजनाच्या त्या धिप्पाड जनावराचे जठर अवघे दहा ते पंधरा लिटरांचे. त्यातून अन्न भराभर लहान आतड्यात जाते, आणि जे आंबवायचे ते त्यानंतर, अंधनाल व बृहदांत्र या शंभर लिटरांच्या आसपासच्या प्रचंड कोठीत, आंबते. शिवाय घोड्याला वांती करता येत नाही. चुकून जास्त खाल्लेले परत फेकण्याचा मार्गच निसर्गाने बंद करून ठेवला असल्यामुळे, मालकाने प्रेमाने घातलेली दोन शेर अधिक चंदी पोटशूळाच्या रूपाने त्याच्या जिवावर बेतू शकते.

असे असूनही ज्या घोडदळाच्या बळावर या दख्खनची तीन शतके घडली त्याच्याशी या जिल्ह्याचा संबंध निकटचा आहे. सिंदखेडराजा हे निजामशाहीतील मातब्बर सरदार लखुजी जाधव यांचे ठाणे, जिजाबाईंचे जन्मस्थान. आणि त्याच परिसरातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव करून दख्खनेत आपली सत्ता कायम केली. त्या काळी सरदाराची ऐपत स्वारांच्या संख्येवर मोजली जाई. आणि स्वारांचा आकडा कागदावर कितीही मोठा असला तरी पागेतील घोडी उभी राहत ती दाणा-वैरणीच्या तजविजीवर. जिजाबाईंच्या पुत्राने राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदारांना पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच उधळलेत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील व ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, मग तुम्ही रयतेला उपद्रव देऊ लागाल, अशी कारणपरंपरा त्यात मांडली आहे; दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, इथवर ताकीद आहे. राजनीतीचा पाठ म्हणून हे पत्र वाचले जाते, पण मला ते आधी एका जाणत्या अश्वपालकाचे पत्र वाटते.

घोड्याच्या आहाराची लेखी मोजमापे याहूनही जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याला दोन द्रोण धान्य, त्यासोबत तेल, मीठ, आणि दूध किंवा सुरा यांची प्रमाणे दिलेली आहेत. मांसाचाही त्यात उल्लेख आहे, ज्याचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु मीठ व तेल या दोन वस्तूंच्या बाबतीत त्या प्राचीन कोठावळ्याचा अंदाज आश्चर्यकारक रीतीने बरोबर ठरला आहे. धावणाऱ्या घोड्याच्या घामात क्षारांचे प्रमाण त्याच्या रक्ताहूनही अधिक असते, म्हणून नुसत्या पाण्याने त्याची भरपाई होत नाही. आणि पिष्टाचा भार न वाढवता शक्ती पुरवायची तर वनस्पतितेलासारखा दुसरा उपाय नाही, हे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे.

दख्खनेत चंदी म्हणजे मुख्यत्वे हरभरा आणि कुळीथ. हरभरा भरडायचा, चाळून त्याची धूळ काढायची, कित्येक तास भिजवायचा, आणि दाणा बोटांत चिरडतो इतका मऊ झाला की तोबऱ्यात भरायचा. तोबरा म्हणजे जाड कापडाची किंवा चामड्याची पिशवी. तिचा पट्टा कानांमागून अडकविला की घोडा तोंड आत खुपसून खाऊ लागतो, आणि तळाशी उरलेले चार दाणे मिळविण्यासाठी मान झटकन वर उडवतो. साईस त्या वेळी हात गुंतवून उभा राहत नाही. तो घोड्याच्या बरगड्यांवरून तळवा फिरवतो. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, ही त्याची कसोटी, आणि पाश्चात्त्य पशुवैद्यांनी कोष्टके करून सांगितलेली कसोटीही तीच.

पुण्या-मुंबईच्या शर्यतीच्या तबेल्यांत हरभऱ्याचे अग्रस्थान ओटने घेतले. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या वर्षाचे दोन भाग असतात, पावसाळ्यात पुणे व हिवाळ्यात महालक्ष्मी. १९४३ पासून धावली जाणारी इंडियन डर्बी हिवाळ्याच्या हंगामात येते, आणि तिच्यासाठी तयार होणाऱ्या घोड्याची ऊर्जेची गरज निवांत उभ्या घोड्याच्या जवळजवळ दुप्पट असते. ही दुप्पट भरून काढायची कशी, यातच सारे कौशल्य आहे. दिवसाकाठी दहा-बारा किलो कोरडा आहार त्याच्या पोटात जातो. त्यात निदान पाच, शक्य तर सात किलो वैरण असलीच पाहिजे. उरलेला दाणा एकदम न घालता तीन-चार वेळा, प्रत्येक खेपेस दोन किलोंच्या आत, वाटून द्यावा लागतो, कारण लहान आतड्याला न झेपलेले पिष्ट मागच्या कोठीत घसरले की तेथे आम्ल साचते, आणि त्याचा परिणाम पोटशूळातच नव्हे तर खुरांच्या दाहातही दिसतो.

वैरणीचा आग्रह लाळेसाठीही आहे. घोड्याला लाळ सुटते ती चावताना. किलोभर सुके गवत तो सुमारे चाळीस मिनिटे चावतो, तेवढाच दाणा दहा मिनिटांत संपवितो. दाण्यावर वाढविलेल्या घोड्याच्या जठरात आम्ल अखंड झिरपत राहते व ते शमवायला लाळ पुरत नाही. शर्यतीच्या तयारीतील बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण सापडतात याचे हे एक मोठे कारण.

इथे बुलढाण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्वारी होती तेव्हा दारोदार कडब्याच्या गंज्या होत्या. सोयाबीनने ज्वारीला मागे सारले आणि कडब्याचा तुटवडा पडला. सोयाबीनचे कुटार घोड्याला कडब्याची जागा भरून देत नाही. दैवगती अशी की त्याच सोयाबीनची तेल काढून उष्णतेने सिद्ध केलेली पेंड आज तबेल्यांतल्या तयार खाद्यांत प्रथिनासाठी सर्रास वापरली जाते. म्हणजे शिवारातली गंजी गेली आणि तिची जागा घेणारे पीक पोत्यात भरून घोड्याच्याच दावणीला पोहोचले. ज्याला घरी घोडा ठेवायचा आहे त्याने पेंडीच्या आधी बांधावरच्या मारवेलीचा व थोड्या लसूणघासाचा विचार करावा. कोंड्यावर भर देऊ नये. त्यात स्फुरद फार व चुना थोडा, आणि निव्वळ कोंड्यावर पोसलेल्या घोड्याच्या जबड्याची हाडे सुजलेली जुन्या वैद्यांनी पाहिली आहेत.

सुटीच्या दिवशीच्या चंदीविषयी जुनी माणसे विशेष जपत. सहा दिवस राबणाऱ्या घोड्याला सातव्या दिवशी विश्रांती देऊन दाणा मात्र पूर्ण घातला, की दुसऱ्या दिवशी कामाला जुंपताच मागच्या पायांचे स्नायू लाकडासारखे ताठतात व लघवी कॉफीच्या रंगाची होते. हा विकार युरोपातल्या गाडीवानांना 'सोमवारचा रोग' म्हणून ठाऊक होता. म्हणून विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणतात आणि वैरण वाढवितात. शर्यत धावून आलेल्या घोड्यालाही लगेच तोबरा लावीत नाहीत. त्याला आधी फिरवून थंड करतात, पाणी थोडेथोडे पण वरचेवर दाखवितात, मग गवत, आणि अंगावरचा घाम पूर्ण वाळल्यावर हलकी चंदी. ती तशीच उरली तर दुसऱ्या दिवशीचा सराव रद्द होतो आणि पशुवैद्याला निरोप जातो.